हिज्कियाहू राजाचं उसनं नाव

१

याफा हैफाहून आली ती आधी काचेच्या कपाटाकडे गेली आणि मग बापाच्या खाटेकडे. मी दारातच उभा होतो, म्हणून सांगतो. खाटेवर तिचे वडील, रहामीम अमेदी, चादरीखाली शांत पडले होते. डॉक्टर येऊन गेले होते. हृदय थांबलं म्हणाले, आणि त्या वयाला कुणी आणखी काही विचारत नाही. पण कपाट रिकामं होतं, आणि त्यावरून याफाने गल्ली डोक्यावर घेतली.

"डाळिंबं कुठायत? सासोन, अरे डाळिंबं कुठायत?"

सासोन म्हणजे मी. यरुशलेमच्या बाजारात माझं लोणच्यांचं दुकान आहे, आणि आमच्या कुर्दी ज्यू लोकांच्या सिनेगॉगचा, म्हणजे प्रार्थनाघराचा, मी कारभारी. या कामाचा पगार नाही, शिव्या मात्र वेळेवर मिळतात. डाळिंबं म्हणजे खायची नव्हेत. आमच्याकडे तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी लाकडी पेटीत उभी असते आणि पेटीवर चांदीचे दोन कळस चढवतात. आकार डाळिंबाचा, भोवती बारीक घुंगरं. अमेदींची डाळिंबं त्यांच्या पणज्याने कुर्दिस्तानातून आणलेली. वर्षभर रहामीमच्या कपाटात असायची, सणाला सिनेगॉगात यायची.

मिंडा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, बाजाराची पिशवी अजून हातातच. पूर्ण नाव लुझविमिंडा, देश फिलिपिन्स. कित्येक वर्षं तीच रहामीमना सांभाळत होती. न्हाऊ घालणं, औषधं देणं, आंबट रश्श्यातले कुब्बे, म्हणजे खिम्याचे गोळे, कुस्करून भरवणं, सगळं. त्या गुरुवारी सकाळी ती बाजारातून परतली तेव्हा ते थंड पडले होते. तिनेच सगळ्यांना फोन केले.

"दाराच्या किल्ल्या किती?" याफाने बोलावलेल्या पोलिसाने विचारलं.

"तीन," याफा म्हणाली. "माझी माझ्याजवळ, हैफाला. एक हिच्याकडे, एक नहूमकडे."

नहूम हा रहामीमचा पुतण्या. विजेची कामं करतो, सिनेगॉगात पहिल्या रांगेत बसतो, आणि देवाच्या बाबतीत इतका काटेकोर की त्याच्या शेजारी बसलं की आपल्यालाच आपली पापं आठवतात. तो भिंतीला टेकून उभा होता. चेहरा राखेसारखा.

"सकाळी प्रार्थनेला जाताना मी डोकावलो, रोजच्यासारखा," तो म्हणाला. "मिंडा बाजाराला गेली होती. काका झोपले होते. श्वास चालू होता. डाळिंबं कपाटात होती. मी दार लावलं आणि गेलो."

झालं. पोरगा हिशेबच मांडून मोकळा झाला. तो निघाला तेव्हा माणूस जिवंत आणि चांदी जागेवर. नंतर घरात आली ती एकटी मिंडा. सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या.

"मी काही नाही घेतलं," मिंडा म्हणाली. "आजोबाशपथ."

पोलिसाने तिची पर्स टेबलावर उपडी केली. रुमाल, किल्ल्या, बसचं कार्ड, गोळ्यांची पट्टी. आणि सगळ्यांत शेवटी एक चांदीचं घुंगरू टेबलावर घरंगळलं आणि किणकिणलं.

२

माझी थोरली बहीण झरीफा पोलिसात तपासनीस होती. निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजूनही कुणी घरी आलं की ती त्याची खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवते, म्हणजे चेहऱ्यावर उजेड पडतो. मला पण तिथेच बसवते, सख्ख्या भावाला.

"पोलिसांनी मिंडाचा पासपोर्ट काढून घेतलाय," मी सांगितलं. "सोडलंय तात्पुरतं. पुढच्या गुरुवारी विमानात बसवणार. चोरीचा शिक्का घेऊन गेली की तिला जगात कुठे काम मिळायचं नाही, ताई."

"मग तुला काय रे एवढा पुळका?" सूर्यफुलाच्या बिया सोलत झरीफाताई म्हणाली.

"पुळका नाही. रहामीमना ती कशी भरवायची ते मी पाहिलंय. घास फुंकून द्यायची. चोराला एवढा धीर नसतो."

"चोराला धीर फार असतो. तुला माणसं कळत नाहीत, तुला काकड्या कळतात." तिने सालं वाटीत झटकली. "बरं, त्या म्हाताऱ्याचं नाव काय होतं रे शेवटी? परवा भाजीवाली म्हणाली हिज्कियाहू वारले. म्हटलं हा कोण नवीन?"

मग मी तिला नावाची हकीकत सांगितली. हनुक्काच्या दिव्यांच्या सुमारास रहामीमना घरघर लागली होती. डॉक्टरांनी हात टेकले. अशा वेळी आमच्यात आजाऱ्याचं नाव बदलतात, म्हणजे जुन्याच्या आधी एक नवं लावतात. मृत्यूचा दूत रहामीमच्या नावाचं समन्स घेऊन येतो, खाटेवर त्याला भलताच माणूस भेटतो, बिचारा परत जातो. बहुतेक लोक 'हाईम' ठेवतात, म्हणजे जीवन, किंवा 'रफाएल', देव बरं करो. पण नहूम हटून बसला. राजाचंच नाव हवं म्हणाला. यहूदाचा राजा हिज्कियाहू असाच मरणाला टेकला होता. यशया संदेष्ट्याने तोंडावर सांगितलं की आता आवराआवर कर. राजाने भिंतीकडे तोंड केलं, ढसाढसा रडला, आणि देवाने त्याला पंधरा वर्षं वाढवून दिली. नावाचा अर्थच मुळी 'देव बळ देतो'.

"दहा पुरुष जमवून, तोरा उघडून, रीतसर नाव दिलं," मी म्हणालो. "त्या दिवसापासून नहूम कुणाला नुसतं रहामीम म्हणू देईना. मी एकदा चुकलो तर चारचौघांत खेकसला माझ्यावर. मिंडाला सुद्धा 'हिज्कियाहू आजोबा' म्हणायला लावलं. दर सोमवारी नि गुरुवारी तोरा वाचताना प्रार्थना करायचा, 'हिज्कियाहू रहामीम बेन असमार'ला, म्हणजे असमारच्या मुलाला, बरं वाटू दे म्हणून."

"असमार म्हणजे आई ना त्यांची?"

"आई. आजाऱ्यासाठी मागताना आम्ही आईचं नाव लावतो, गेलेल्यासाठी बापाचं. बाकीच्यांचं मला माहीत नाही, आमच्या सिनेगॉगात असंच चालतं. देवाला आयांची जास्त दया येते म्हणतात."

"येत असेल. बापांची कुणाला येते." ताई उठली आणि तिने ओव्हरकोट घेतला. "चल. आधी ते घुंगरू बघू. चोर अख्खं डाळिंब सोडून एक घुंगरू पर्समध्ये टाकून फिरतो, हे काही माझ्या घशाखाली उतरत नाही."

३

मिंडा तिच्या मैत्रिणीच्या खोलीत सापडली. चौघीजणी एका खोलीत. ती कोपऱ्यातल्या गादीवर बसली होती, बॅग भरून तयार.

"घुंगरू कुठून आलं?" ताईने आडपडदा न ठेवता विचारलं.

"आजोबांनी दिलं. आजारात आवाज गेला ना त्यांचा? हाक मारता येत नव्हती. मला म्हणाले खुणेने, डाळिंब आण. स्वतः तोडलं एक घुंगरू. वाजवायचे. मी यायची." तिने डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं. "शेवटचे दिवस हात पण चालेना. घुंगरू अंथरुणात हरवायचं. म्हणून पर्समध्ये ठेवलं."

"कुणी पाहिलं तोडताना?"

"मी. आजोबा."

"छान. एक साक्षीदार मेलेला, दुसरी आरोपी." ताई असं बोलते तेव्हा तिचं मन नरम झालेलं असतं, पण हे फक्त मला माहीत. "त्या सकाळी काय झालं? बाजाराला जाताना आजोबांना बघितलंस?"

"लांबून. तोंड भिंतीकडे होतं. वाटलं, झोपलेत. रात्रभर जागे होते, मग मी उठवलं नाही." ती थांबली. "श्वास नाही बघितला. रोज बघते. त्या दिवशी नाही बघितला. नहूम येणार होता ना."

"हे पोलिसांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, नहूमने श्वास बघितला. मग माझं कशाला ऐकतील?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने उचलला नाही.

"आई," ती म्हणाली. "इलोइलोहून. गावात कळलंय. मैत्रिणीच्या मैत्रिणीने सांगितलं. आई दुकानात गेली तर बायका गप्प होतात. मी काय सांगू तिला? फोन उचलत नाही तेच बरं."

परत येताना ताईने ओव्हरकोटाची बटणं लावली. मग म्हणाली, "चांदी कुणाला हवी होती, ते बघू आता. हपापलेला माणूस या गल्लीत एकच आहे."

तो विडाल. रहामीमच्या भिंतीला भिंत लावून त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. गल्लीतली पोरं सांगतात की गुरुवारी सकाळी तो कागदात गुंडाळलेलं काहीतरी काखोटीला मारून लगबगीने चालला होता.

४

"मेणबत्तीचा दांडा होता तो!" विडालने हात आभाळाकडे नेले. "पितळी! गिऱ्हाईकाला दिला, नाव-पत्ता घ्या हवा तर. झरीफाबाई, मी लबाड आहे, पण चोर नाही. धंदा वेगळा आहे दोन्हीचा."

"डाळिंबांवर डोळा नव्हता तुझा?"

"होता की. नाही कशाला म्हणू? याफानेच मला दाखवली होती, गेल्या महिन्यात. बाप खाटेवर असताना. म्हणाली, बाबांनंतर मी विकणार, भाव सांगून ठेव. आता सांगा, ज्याला चार दिवस थांबलं की माल राजरोस मिळणार, तो चोरी कशाला करेल? पेपरात नाव यायला?"

ताईने मान डोलावली. "हे बोलणं आणखी कुणी ऐकलं होतं?"

"नहूम तिथेच दिव्याचं बटण दुरुस्त करत होता. स्क्रू-ड्रायव्हर खाली आपटला त्याने. पण बोलला काही नाही." विडाल गालातल्या गालात हसला. "देवाची माणसं रागावली की गप्प बसतात. आम्ही बरे, ओरडून मोकळे होतो."

तिथून आम्ही सुतकाच्या घरी गेलो. आरसे झाकलेले, घरची माणसं खुज्या स्टुलांवर, टेबलावर उकडलेली अंडी आणि मसूर. येणारे-जाणारे हळू आवाजात बोलत होते आणि खात मात्र जोरात होते. याफाने ताईला पाहून तोंड वाकडं केलं.

"त्या बाईची वकिली करायला आलात? माझा बाप एकटा मेला, झरीफामावशी. ही बाजारात कोथिंबीर निवडत बसली नि माझा बाप एकटा मेला." आणि ती रडायला लागली. हे रडणं खरं होतं. चांदीसाठी आदळआपट करणारी माणसंही बापासाठी खरं रडतात.

ताईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग विषय बदलावा तसं म्हणाली, "दगडावर नाव काय घालणार गं? हिज्कियाहू रहामीम?"

"मला तसंच हवंय. राजाचं नाव आहे. शोभून दिसेल."

"नाही," नहूम स्टुलावरून म्हणाला. इतका वेळ तो मान खाली घालून बसला होता. "ते नाव जगण्यासाठी मागून घेतलेलं. माणूस खाटेवरून उठला, महिनाभर हिंडला-फिरला, तर ते त्याचं. काका उठलेच नाहीत. श्वास गेला त्या क्षणी नाव परत गेलं. त्यानंतर त्यांना हिज्कियाहू म्हणणं म्हणजे देवापुढे खोटं बोलणं."

"त्या क्षणी?" ताईने विचारलं.

"त्या क्षणी. मेलेल्यासाठी बरं होण्याची प्रार्थना चालत नाही, तसंच हे."

"बाई गं, किती बारकावे," ताई म्हणाली आणि तिने एक अंडं सोलायला घेतलं. मला तिच्या हातांकडे बघून कळलं की काहीतरी तिला खटकलंय. तिने सालाबरोबर अर्धं अंडं काढून टाकलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिने माझी बाही धरली.

"सासोन, गुरुवारच्या प्रार्थनेला तू होतास?"

"मी नसेन तर दार कोण उघडेल?"

"नहूम तोरासमोर उभा राहिला? काकासाठी मागणं मागितलं?"

"मागितलं की. नेहमीचंच."

"नेहमीचंच म्हणू नकोस. शब्द सांग. एकही इकडचा तिकडे करू नकोस, नाहीतर कान उपटीन या वयातही."

५

मी डोळे मिटले आणि आठवलं. एरवी असं असतं: तोरा उघडलेली, नहूम बाजूला उभा, मी प्रार्थना म्हणतो आणि नावाच्या जागी थांबतो, तो खणखणीत नाव सांगतो. त्या दिवशी तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आज मी स्वतःच म्हणतो." मग गुंडाळीवर वाकून पुटपुटला. मला एवढंच ऐकू आलं, 'रहामीम बेन बिन्यामीन'. आम्ही आमेन म्हणालो. वाटलं, पोरगा जागरणाने दमलाय.

"बिन्यामीन कोण?" ताईने विचारलं. तिला माहीत होतं, माझ्या तोंडून हवं होतं.

"रहामीमचे वडील," मी म्हणालो.

"राजाचं नाव नाही. आईचं नाव नाही. ज्या माणसाने महिनाभर अख्ख्या गल्लीची जीभ सरळ केली, तोच त्या दिवशी सगळं विसरला?"

"विसरला नाही," मी म्हणालो.

"मिंडा अजून बाजारात पिशवी भरत होती तेव्हाची गोष्ट आहे ही. कुणालाच ठाऊक नव्हतं म्हातारा गेलाय. पण नहूमने तुझ्या शेजारी उभं राहून मेलेल्या माणसाची प्रार्थना म्हटली. का? कारण उघड्या तोरासमोर प्रेताचं आयुष्य मागायचं त्याच्याने झालं नाही. न म्हणता गप्प राहिला असता तर तुम्ही विचारलं असतंत, म्हणून हळू म्हटली." ती भिंतीला टेकली, तिचे गुडघे दुखतात. "तो सकाळी आत गेला तेव्हा काका गेलेले होते. श्वास चालू होता हे खोटं. मग 'डाळिंबं कपाटात होती' हे तरी खरं कशावरून? याफा विकणार हे त्याने कानांनी ऐकलेलं. विडालच्या दुकानात पणज्याची चांदी लटकणार, हे त्याला सहन होणार नव्हतं. किल्ली होती, घरात कुणी नव्हतं. काका गेले म्हणून ओरडला असता तर घर माणसांनी भरलं असतं आणि चांदी हलवता आली नसती."

"पण मेलेल्या माणसाला एकटं टाकून गेला?" मला दुसरं काही सुचेना. आमच्यात मढ्याशेजारी कुणीतरी बसतंच. चोर-दरोडेखोरही एवढं पाळतात. "ताई, हे सगळं माझ्या एका आठवणीवर उभं आहे. पोलीस हसतील. म्हणतील, कारभारी म्हातारा झाला, कानाने कमी ऐकतो."

"हसतीलच. म्हणून चांदी हवी. आता तूच सांग, तोराला एवढा भिणारा माणूस तोराचे दागिने कुठे ठेवेल? पलंगाखाली, मोज्यांच्या खोक्यात?"

मी तिला जुन्या पेटीचं सांगितलं. सिनेगॉगच्या कपाटात मागच्या बाजूला अमेदींची जुनी तोरा आहे. अक्षरं उडाली म्हणून वाचनात घेत नाही आम्ही, नुसती उभी असते. कुणी कधी तिच्या पेटीला हात लावत नाही.

"उद्या बुधवार," ताई म्हणाली. "परवा त्या पोरीचं विमान. उद्या सकाळी सुतक उठलं की नहूमला सिनेगॉगात घेऊन ये. पेटी तू उघडू नकोस. उघडलीस तर तो म्हणेल, तिथे मिंडाने ठेवली."

६

आमचं सात दिवसांचं सुतक उठलं की घरचे लोक गल्लीतून एक फेरी मारतात. नहूमला मी त्या फेरीतूनच सिनेगॉगाकडे वळवलं. दिवा लागत नाही म्हणालो. विजेचं काम म्हटलं की तो नाही म्हणत नाही. आत झरीफाताई बायकांच्या सज्ज्याच्या जिन्यावर बसली होती. मी पवित्र कपाटाचा पडदा सरकवला आणि दोन्ही दारं उघडली.

"दिवा कुठला?" नहूमने विचारलं.

"दिवा ठीक आहे," ताई म्हणाली. "बस नको, उभाच राहा. मी पोलिसात नाही आता, तुला काही विचारायचा मला हक्क नाही. तू पोलिसांना सांगितलंस तेच एकदा इथे म्हण. कपाटासमोर. 'मी निघालो तेव्हा काकांचा श्वास चालू होता.' एवढंच. म्हटलंस की मी तुझी माफी मागते आणि घरी जाऊन पाय शेकते."

नहूमने माझ्याकडे पाहिलं. मी कपाटाकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

"घाई नाही," ताई म्हणाली.

तो किती वेळ उभा राहिला कोण जाणे. बाहेर भाजीचा गाडीवाला टोमॅटो टोमॅटो ओरडत पुढे गेला. मग नहूम चालत कपाटाशी गेला, मागची जुनी पेटी पुढे ओढली, तिला ओठ लावले आणि उघडली. उडालेल्या अक्षरांच्या गुंडाळीशेजारी त्याचा मोठा रुमाल होता, घुंगरं वाजू नयेत म्हणून घट्ट गुंडाळलेला. त्याने डाळिंबं बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली. एका डाळिंबाला एक घुंगरू कमी होतं. जिथून ते तुटलं होतं तो आकडा पार काळा पडला होता. आठवड्याभरात चांदी अशी काळी पडत नाही. मिंडा खरं बोलत होती.

"मी विकणार नव्हतो," नहूम म्हणाला. "इथेच राहिली असती. सणाला मीच 'सापडली' म्हणून काढली असती. आरोप विडालवर जाईल असं वाटलं होतं. मग ते घुंगरू निघालं."

"तेव्हा बोलायचं होतंस," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, पवित्र कपाटासमोर चढला होता आणि मला त्याचं काही वाटलं नाही. "सात दिवस! सात दिवस अंडी खात बसलास आणि ती पोरगी बॅग भरून बसली होती!"

"रोज वाटायचं, उद्या सांगेन."

ताई जिन्यावरून उठली. "तोरासमोर तू खोटं बोलला नाहीस, नहूम. हे मी मानते. पण त्याच तोंडाने मिंडासमोर बोललास. तिथे तोराचं कपाट उघडं नव्हतं म्हणून?"

तो खाली बसला आणि तोंड झाकून रडला. मला त्याची कीव आली आणि रागही गेला नाही. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

७

पोलीस चौकीत नहूमने जबाब बदलला. काय होईल त्याचं ते होईल. खोटी साक्ष आहे, वकील म्हणतो दंड तरी नक्की. याफाने आधी थयथयाट केला, मग डाळिंबं बघून गप्प झाली, मग बापाने घुंगरू स्वतः तोडलं होतं हे ऐकून पुन्हा रडली. मिंडाचा पासपोर्ट परत मिळाला. विमानाचं तिकीट रद्द झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी याफा, नहूम, ताई आणि मी, असे चौघे तिच्या मैत्रिणीच्या खोलीवर गेलो.

याफाने हातातला डबा पुढे केला. "कुब्बे आहेत. मी चुकले, मिंडा. माझ्या ओळखीचे एक म्हातारे आहेत हैफाला, त्यांना माणूस हवंय. चांगले आहेत."

"थँक यू," मिंडा म्हणाली. डबा तिने घेतला नाही, याफाने तो खिडकीत ठेवला.

नहूम दारातच उभा होता. "मला माफ कर," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "योम किप्पुरला माणूस माणसाची माफी मागतो, मी तोवर थांबणार नाही. काय करू सांग. तू म्हणशील ते करतो."

मिंडाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. रहामीमच्या खाटेजवळ ती अशीच बघायची, ताप किती आहे याचा अंदाज घेत. मग तिने फोन काढला.

"इंग्लिश येतं ना तुला?"

"थोडं."

"थोडं पुरे."

तिने नंबर लावला. पलीकडे लगेच कुणीतरी उचललं, आणि एका म्हातारीचा आवाज तिच्या भाषेत भराभरा बोलायला लागला. रडत होती की रागावली होती, आम्हांला कळलं नाही. मिंडाने चार शब्द सांगितले, आवाज मोठा करायचं बटण दाबलं आणि फोन नहूमच्या हातात दिला.

"मॅडम," नहूम मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "माझं नाव नहूम. तुमच्या मुलीने चोरी केली नाही. मी केली. मी खोटं बोललो."

पलीकडे कोंबडा आरवल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आला.

"जरा मोठ्याने बोला," म्हातारी इंग्रजीतच म्हणाली. "शेजारणी बसल्यात इथे."

नहूमने घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने सांगितलं.